मौनाचीही मोजदाद

लैंगिक आरोग्याची पाहणी करणारा माणूस दारात आला आणि कुणी दार लावून घेतले, तर आम्ही त्याला दोष देत नाही. हया हा इमानाचा भाग मानणाऱ्या घरांतच आम्ही वाढलो. दुसऱ्याची उणीदुणी हुडकत फिरायला कुरआनातील 'हुजुरात' सूरह मनाई करते. पण जो बोलत नाही, तो गणतीतून सुटतो काय? मुळीच नाही. बोललेल्यांच्या उत्तरांवरून त्याचेही चित्र रंगवले जाते.

ऑस्ट्रेलियात जुळ्या भावंडांची एक मोठी नोंदवही आहे. तिच्यातील लोकांची बरीच माहिती आधीच्या अभ्यासांतून संशोधकांच्या हाती होती. पुढे त्याच लोकांना लैंगिक वर्तनाविषयी उघड प्रश्न विचारायचे ठरले, तेव्हा जेमतेम निम्मे तयार झाले. जुनी माहिती असल्यामुळे गप्प राहिलेल्यांशी त्यांची तुलना करता आली. होकार देणारे कामजीवनाबाबत अधिक मोकळ्या विचारांचे, नव्या अनुभवांची ओढ असलेले निघाले. फरक फार मोठे नव्हते, हेही संशोधकांनी 1997 साली स्वच्छ लिहिले. वर्षानुवर्षे त्याच माणसांकडे जाणाऱ्या अभ्यासांत तर दर फेरीला आणखी काही माणसे गळतात. कुणी गाव सोडते, कुणी लग्न होऊन जाते, कुणी नुसतेच कंटाळते. मलावीत असे दिसले, की आपल्याला एचआयव्ही आहे हे ज्यांना ठाऊक होते, तेच पाहणीतली रक्तचाचणी अधिक नाकारत होते. मग रोग आहे त्याहून कमी दिसतो.

आपल्या देशात उलटे घडले. सरकारी दवाखान्यांत आलेल्या गरोदर स्त्रिया आणि गुप्तरोगाचे रुग्ण यांच्या तपासणीवरून 2006 साली बाधितांचा अंदाज सुमारे 52 लाख होता. 2005-06च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघर जाऊन एक लाखाहून अधिक लोकांचे रक्त तपासले गेले. तिच्या आणि नव्या केंद्रांच्या आधारे 2007 साली तो अंदाज सुमारे 25 लाखांवर आला. जे त्या दवाखान्यांची पायरी चढतच नव्हते, ते आधीच्या हिशेबात नव्हते.

साक्ष लपवू नका, असे 'बकरह' सूरह सांगते. कुणी म्हणेल, ती देण्याघेण्यातली साक्ष, शरीराची नव्हे. कबूल. पण ज्या आकड्यांवरून औषधे आणि दवाखाने ठरतात, तेही देणेघेणेच आहे, असे आम्हाला वाटते. लाजेपायी प्रश्न विचारायला न कचरणाऱ्या मदिनेच्या अन्सार स्त्रियांची हजरत आयेशांनी वाखाणणी केली होती. त्यांची हया काही उणी नव्हती.

मात्र हा भार एकट्या बोलणाऱ्यावर टाकणे अन्यायाचे होईल. ब्रिटनमधल्या 1999-2001च्या पाहणीत नाजूक प्रश्नांपुरता संगणक उत्तर देणाऱ्याच्याच हाती दिला जाई. विचारणाऱ्यालाही उत्तर दिसत नसे. आमच्या मोहल्ल्यातल्या दहा बाय दहाच्या खोलीत सासू तांदूळ निवडते आहे, नणंद पडद्याआड कान देऊन आहे, आणि पाहणीवाली बाई वहीवर पेन टेकवून सुनेच्या उत्तराची वाट पाहते आहे. तिथे ती सून 'नाही' म्हणते, आणि वहीत 'नाही' लिहिले जाते.