सुधारणांमागची भीती

२ जानेवारी १९९२ रोजी रशियात बहुतेक वस्तूंच्या किमतींवरचं सरकारी नियंत्रण उठलं. सोव्हिएत संघ संपून तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. दुकानं रिकामी होती. भाव मोकळे केले की माल बाहेर येईल, हा सुधारणांचे सूत्रधार, पस्तिशीतल्या येगोर गैदार यांचा हिशेब. माल आला. पण वर्षभरात महागाई अडीच हजार टक्क्यांच्या आसपास गेली आणि जन्मभर बँकेत साठवलेल्या रुबलची माती झाली.

या ‘शॉक थेरपी’वरचा वाद आजही बहुतेक वेगापाशीच अडतो: घाई झाली की उशीर? युक्रेननं घाई केली नव्हती, तरी १९९३ मध्ये तिथली महागाई दहा हजार टक्क्यांच्या वर गेली. तेव्हा केवळ वेग मोजून फारसं काही हाती लागत नाही. सुधारक कुणाला घाबरत होते, हे पाहिलं की चित्र अधिक उलगडतं.

मॉस्कोतल्या सुधारकांना भीती होती कम्युनिस्टांच्या पुनरागमनाची. खासगीकरणाची सूत्रं सांभाळणाऱ्या अनातोली चुबाइस यांनी नागरिकांना सरकारी कंपन्यांचे शेअर घेण्यासाठी दहा हजार रुबलची व्हाउचरं वाटली, त्यामागे मालकांचा एक वर्ग झटपट उभा करण्याचा राजकीय हेतू होता. मालक उभे राहिले की मागे फिरणं अशक्य, असा तो तर्क. न्यायालयं, करव्यवस्था, स्पर्धेचे नियम सवडीनं होतील, असं गृहीत धरलं गेलं. १९९५ मध्ये कर्जाच्या बदल्यात शेअर देण्याच्या योजनेतून नोरिल्स्क निकेल, युकोस यांसारख्या कंपन्या मोजक्या बँकवाल्यांच्या घशात गेल्या. पुढच्याच वर्षी याच धनाढ्यांनी राष्ट्राध्यक्ष येल्त्सिन यांच्या निवडणुकीमागे पैसा आणि वाहिन्या उभ्या केल्या. कम्युनिस्ट परतले नाहीत, हे खरं. पण ‘लोकशाही’ या शब्दाला रशियन घराघरात जी चीड चिकटली, ती पुतिन यांना आयती मिळाली.

एस्टोनियाची भीती वेगळी होती, खुद्द रशियाची, आणि माझ्या मते अधिक नेमकी. जून १९९२ मध्ये या चिमुकल्या देशानं रुबल सोडून क्रून हे स्वतःचं चलन आणलं, आठ क्रूनला एक जर्मन मार्क या ठरीव दरानं. त्या वेळी रशियन फौजा देशातच होत्या. त्या गेल्या ऑगस्ट १९९४ मध्ये. बत्तिसाव्या वर्षी पंतप्रधान झालेले मार्ट लार व्यवसायानं इतिहासकार. त्यांच्या सरकारनं सरसकट २६ टक्के आयकर लावला. चटके तिथेही बसले, म्हाताऱ्या पेन्शनरांना तर फारच. तरी मॉस्कोपासून सुटण्याची ही किंमत आहे, हे लोकांना समजावून सांगावं लागत नव्हतं. (रशियन भाषक रहिवाशांपैकी अनेकांना मात्र नागरिकत्वच नाकारलं गेलं होतं. त्यांच्या सोसण्याला असा अर्थ कुठून असणार?)

पुढे इतर देशांत रशियाची हीच भीती सत्ताधाऱ्यांच्याही कामी येऊ लागली. जॉर्जियात राष्ट्राध्यक्ष साकाश्विली यांनी २००४ मध्ये लाचखोर वाहतूक पोलिसांचं अख्खं दल बरखास्त केलं. रस्त्यावरची चिरीमिरी खरोखरच थांबली. पण तेच सरकार विरोधकांच्या मोर्च्यांवर लाठ्या चालवू लागलं, आणि टीकाकारांना मॉस्कोचे हस्तक ठरवणं सोपं होऊन बसलं. २००८ च्या पाच दिवसांच्या युद्धानं रशियाची धास्ती खोटी नव्हती हे दाखवलं. तरीही २०१२ मध्ये तुरुंगातल्या छळाच्या चित्रफिती बाहेर आल्या तेव्हा मतदारांनी त्यांच्या पक्षाला घरी बसवलं.

म्हणूनच मला २०२५ च्या जुलैतलं युक्रेन या भीतीच्या प्रवासातलं मोठं वळण वाटतं. सत्ताधाऱ्यांनी भ्रष्टाचारविरोधी ब्यूरो आणि विशेष भ्रष्टाचारविरोधी अभियोक्ता कार्यालय महाअभियोक्त्याच्या ताब्यात देणारा कायदा संसदेत घाईघाईनं संमत करून घेतला. रशियाचा प्रभाव दूर करायचा आहे, हे कारण सांगितलं गेलं. लष्करी कायदा लागू, रात्री ड्रोनचे हल्ले, आणि तरीही तरुण पुठ्ठ्याचे फलक घेऊन कीव्हच्या रस्त्यावर उतरले. युरोपीय संघानंही नाराजी स्पष्ट केली. नऊ दिवसांत संसदेला दोन्ही संस्थांची स्वायत्तता परत द्यावी लागली. त्यानंतर काही महिन्यांतच त्या ब्यूरोनं ऊर्जा क्षेत्रातल्या लाचखोरीचं प्रकरण बाहेर काढलं, आणि तपासाचा माग थेट राष्ट्राध्यक्षांच्या जवळच्या वर्तुळापर्यंत गेला.