सोपाऱ्याला शलमोनाचं सोनं कशाला हवं?

जयपूरच्या मुरलीपुऱ्यात राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर परवा पुन्हा तोच मजकूर आला. बायबलमधलं ओफिर म्हणजे आपलं नालासोपारा, शलमोन राजाचं सोनं कोकणातून गेलं आणि इतिहासकारांनी हे दडवून ठेवलं! खाली अभिमानाची रांग. या अभिमानापायी खरं सोपारं झाकलं जातं, याचं मला दुःख होतं.

कथा सर्वांना ठाऊक आहे. सोरचा राजा हिराम आपले फिनिशियन खलाशी देतो, एस्योन-गेबेरहून गलबतं निघतात आणि ओफिरहून ४२० किक्कार (हिब्रू वजनाचं माप) सोनं आणतात. हे नाव काल्पनिक नाही. आजच्या तेल अवीवमधल्या तेल कसीला या पलिष्ट्यांच्या जुन्या वसाहतीच्या टेकाडावर इ. स. पू. आठव्या शतकातलं एक खापर सापडलं. त्यावर ओफिरच्या सोन्याची ३० शेकेलांची नोंद आहे. पण ते ठिकाण कुठलं, हे खापर सांगत नाही. बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात ओफिरचं नाव शबा आणि हवीला यांच्या मधोमध येतं, म्हणजे रोख अरबस्तानाकडे आहे. आपल्याकडे हटकून पुढे केला जाणारा मोर, माकडं आणि हस्तिदंताचा पुरावा तर तार्शीशच्या जहाजांच्या वचनातला आहे. तिथे ओफिरचा उल्लेखच नाही.

मग ओफिर भारतात कधी आलं? घोटाळा होतो तो इथेच. अलेक्झांड्रियातल्या ज्यूंनी बायबलचं ग्रीक भाषांतर केलं, त्यात ओफिरचं ‘सोफिर’ झालं. पहिल्या शतकाच्या अखेरीस ज्यू इतिहासकार जोसेफसने तो प्रदेश भारताचा म्हणून सांगितला आणि पुढे बायबलचा लॅटिन भाषांतरकार जेरोमने ईयोबाच्या पुस्तकात सरळ ‘भारत’ लिहिलं. ही शलमोनाच्या काळची जपून ठेवलेली आठवण, असं सगळे धरून चालतात. मला ते मुळीच पटत नाही. जोसेफसच्या हयातीत रोमन गलबतं मोसमी वाऱ्यावर भडोच, सोपारा, कल्याणपर्यंत येत होती. दूरची संपत्ती म्हटली की त्या काळच्या माणसाच्या डोळ्यांपुढे भारत उभा राहायचा. जोसेफसची साक्ष त्याच्या स्वतःच्या काळाची आहे. तिला हजार वर्षं मागे ढकलता येत नाही. आणि त्या व्यापारात सोनं वाहत होतं ते उलट्या दिशेने. भारत दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी रोमन लेखक प्लिनीची तक्रारच आहे. कोकणच्या जांभ्यात सोन्याची खाण नव्हती; होतं ते बंदर.

अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत युरोपीय अभ्यासकांनी नावाच्या साम्यावरून सोपारा सुचवलं आणि तो तर्क आपल्याकडे सत्य होऊन बसला. खुद्द सोपाऱ्यात मात्र १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी बुरुड राजाच्या कोटातला स्तूप उघडला. दगडी पेटी, तिच्यात एकात एक ठेवलेले करंडक, बुद्धमूर्ती आणि सोन्याची नाजूक फुलं मिळाली. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा हाती आला. नवव्याचा १९५६ मध्ये जवळच्याच भुईगावला. सोपाऱ्याचा खात्रीचा लेखी पुरावा अशोकाच्या या लेखांपासून सुरू होतो, शलमोनानंतर सुमारे सातशे वर्षांनी.

त्याच अशोकाचे शब्द इथे जयपूरजवळ बैराटलाही दगडावर आहेत. डोंगराळ बैराट आणि खाडीकाठचं सोपारा या दोन्ही ठिकाणच्या लोकांशी तो बोलत होता, याचा अभिमान कुणी का मिरवत नाही? आठव्या लेखात तो सांगतो, की पूर्वीचे राजे शिकारीला निघत, आपण मात्र धम्मयात्रा सुरू केली. तिच्यात श्रमण-ब्राह्मणांना दान द्यायचं, वृद्धांना भेटायचं आणि त्यांना सोनं द्यायचं.