गुरुवारचे चिंतन : मधले थांबणे

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



आपल्या बडोदे केंद्रातले काका गेल्या महिन्यात आरतीला उभे असताना दोनदा घेरी येऊन पडले. नाडी मिनिटाला ३८. डॉक्टरांनी पेसमेकर सांगितला. काका म्हणाले, "आजवर हृदय माउलीने चालवलं, आता मशीन कशाला?" आणि आम्ही सत्संगात त्यांच्या निष्ठेचं कौतुक केलं! चुकलं आमचं.

हृदय चालतं कसं, ते आम्ही नंतर समजून घेतलं. उजवीकडच्या वरच्या कप्प्यात, वरून येणारी मोठी शीर उघडते तिथे, पेशींचा एक पुंजका असतो. किथ आणि फ्लॅक यांनी १९०७ मध्ये तो दाखवून दिला. सोडियम, कॅल्शियम, पोटॅशियमचे विद्युतभारित कण पेशींच्या आत-बाहेर होतात आणि तिथे वीज उठते, स्वस्थ बसलेल्या माणसात मिनिटाला ६० ते १०० वेळा. त्याला मेंदूचा हुकूम लागत नाही. मेंदू फक्त वेग कमी-जास्त करतो. आपण झोपलो तरी हा जप चालूच.

ही वीज आधी वरचे कप्पे आवळते, मग मधल्या गाठीपाशी सेकंदाचा साधारण दहावा भाग थबकते. तेवढ्यात खालचे कप्पे रक्ताने भरतात. थबकली नाही तर ते पुरते भरण्याआधीच आवळतील. दोन नामांमध्ये जरा थांबा, असं आपल्याला शिकवलंय. आपली माळ मात्र पळत असते.

काकांची वीज वर उठते, पण खाली पोचत नाही. खालचे कप्पे आपल्या संथ चालीने कसेबसे चालतात, म्हणून ३८. पेसमेकर ती चुकलेली ठिणगी खाली देतो, एवढंच. १९५८ मध्ये स्टॉकहोमला माणसाच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला, तो काही तासांतच बंद पडला. पण ज्यांना बसवला ते आर्ने लार्सन यंत्रं बदलत बदलत २००१ पर्यंत जगले.

आणि काका पोथी चष्मा लावूनच वाचतात की!

रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो. काकू दारातच म्हणाल्या, "तुम्हीच चढवून ठेवलंत त्यांना." ऐकून घेतलं. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जपाला मांडी घालून बसता येईल ना?" तिथूनच डॉक्टरांना फोन लावून दिला.

उद्या सकाळी ऑपरेशन आहे. दवाखान्यात गर्दी करू नये. काकांना सदऱ्याच्या वरच्या खिशात मोबाईल ठेवायची सवय आहे. तो यंत्रापासून वीतभर तरी लांब हवा. भेटायला जाल तेव्हा आठवण करा.