क्रोधाचा कर्ता: पेपेच्या कारकिर्दीतील एक नैतिक प्रश्न

क्रोधाच्या भरात घडलेल्या कृत्याचा कर्ता कोण, हा नीतिशास्त्रातील एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. 'त्या क्षणी मी माझा नव्हतो' असे म्हणणारा मनुष्य कृत्य आपल्या हातून घडल्याचे मान्य करतो, मात्र ज्या मनातून ते निघाले ते मन आपले असल्याचे नाकारतो. आणि ऐकणाराही, स्वतःचे असे काही क्षण आठवून, हा युक्तिवाद फारशी चिकित्सा न करता स्वीकारतो. पोर्तुगालचा मध्यबचावपटू पेपे याची 2024 मध्ये संपलेली दीर्घ कारकीर्द या युक्तिवादाची परीक्षा घेण्यास विशेष उपयोगी आहे, कारण तिच्यात क्रोधाचा एक अत्यंत कुरूप प्रसंग आहे आणि त्यानंतर पंधरा वर्षांचा मानसन्मानही आहे.

पेपेचे पूर्ण नाव केप्लर लावेराँ दे लिमा फेरेइरा. त्यातील पहिली दोन नावे खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर आणि हिवतापाचा परजीवी शोधणारे वैद्य शार्ल लावेराँ यांच्यावरून ठेवलेली आहेत. ब्राझीलमधील मासेयो शहरात 26 फेब्रुवारी 1983 रोजी जन्मलेला हा मुलगा अठराव्या वर्षी मदेइरा बेटावरील मारीतिमू या क्लबात आला, 2004 मध्ये पोर्तू क्लबात गेला, आणि 2007 मध्ये सुमारे तीन कोटी युरोंच्या मोबदल्यात रेआल माद्रिदने त्याला घेतले. त्याच वर्षी पोर्तुगालचे नागरिकत्व मिळाल्यानंतर तो तेथील राष्ट्रीय संघातून खेळू लागला आणि पुढे त्या संघासाठी 141 सामने खेळला.

21 एप्रिल 2009 रोजी माद्रिदच्या सान्तियागो बेर्नाबेऊ मैदानावर गेताफे संघाविरुद्धचा सामना 2-2 अशा बरोबरीत अखेरच्या मिनिटांकडे सरकत होता. गोलसमोरील क्षेत्रात पेपेने खाविएर कास्केरो याला मागून ढकलले. पंचांनी पेनल्टी दिली. येथवरची चूक बचावपटूच्या धंद्यातलीच होती. परंतु खाली पडलेल्या कास्केरोला पेपेने लाथा मारल्या, त्याच्या अंगावर पाय दिला, आणि त्यानंतरच्या झटापटीत गेताफेच्या दुसऱ्या एका खेळाडूच्या तोंडावर ठोसाही लगावला. लाल कार्ड, म्हणजे तत्काळ मैदानाबाहेर काढण्याची शिक्षा, तर मिळालीच. शिवाय दहा सामन्यांची बंदी आल्याने त्याचा तो हंगाम तेथेच संपला. त्याने माफी मागितली आणि फुटबॉल खेळण्याची इच्छाच उरलेली नाही, अशा आशयाचे उद्गारही काढले.

क्रोधाचे सर्वांत काटेकोर विश्लेषण ज्याने केले तो तत्त्वज्ञ सेनेका योगायोगाने स्पेनचाच, म्हणजे तत्कालीन रोमन हिस्पानियातील कोर्दोबा शहरचा होता. आपला भाऊ नोव्हातुस याला उद्देशून लिहिलेल्या क्रोधविषयक ग्रंथात तो क्रोधाच्या तीन गती सांगतो. पहिली गती अनैच्छिक असते: अंगावर गार पाणी पडताच शहारा यावा तशी ती उठते, आणि तिच्यावर बुद्धीचा ताबा चालत नाही. दुसऱ्या गतीत मन एक निवाडा देते, की आपल्यावर अन्याय झाला आहे व त्याची परतफेड करणे योग्य आहे. या निवाड्यालाच स्टोइक परंपरेत 'संमती' म्हणतात, म्हणजे मनासमोर आलेल्या प्रतीतीला मनाने दिलेला होकार. तिसऱ्या गतीत क्रोध बुद्धीला झुगारून देतो आणि मग त्याला आवरणे कोणाच्याच हाती राहत नाही. 'मी माझा नव्हतो' हे वाक्य तिसऱ्या गतीचे वर्णन म्हणून खरे आहे, परंतु सेनेकाच्या मते जबाबदारीचा प्रश्न दुसऱ्या गतीतच निकाली निघालेला असतो, कारण तेथे होकार देणारा दुसरा कोणी नसतो.

या सिद्धांतावर एक आक्षेप मात्र घ्यावा लागतो. एका सेकंदात घडणाऱ्या प्रसंगात होकार देण्याइतका अवकाश कोठे असतो? सेनेकाचे उत्तर येथे अपुरे वाटते, आणि विषयांच्या चिंतनापासून आसक्ती, कामना, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश अशी साखळी मांडणारी गीता या ठिकाणी अधिक दूरचे पाहते, असे म्हणावे लागेल. त्या मांडणीनुसार स्मृती सुटण्याची घटका ही साखळीच्या शेवटाकडची असून तिची पहिली कडी बरीच आधी, शांत वेळी घडलेली असते. बचावपटूच्या बाबतीत ती कडी कोठे घडते हे सांगणे कठीण नाही. प्रतिस्पर्ध्याला धाक वाटला पाहिजे, पहिल्या काही मिनिटांतच त्याला धडकेची जाणीव करून दिली पाहिजे, ही शिकवण या खेळात उघडपणे दिली जाते, आणि त्या आक्रमकतेसाठीच क्लब मोठ्या रकमा मोजतात. अर्थात यामुळे पेपे निर्दोष ठरत नाही. हजारो बचावपटू तीच शिकवण घेऊनही पडलेल्या माणसाला लाथ मारत नाहीत. मात्र दोषाचा काही भाग टाळ्या वाजवणाऱ्यांकडेही जातो, आणि तो त्यांनी कधी स्वीकारल्याचे दिसत नाही.

त्या सामन्याचा शेवट तत्त्वचिंतकाला आणखी अस्वस्थ करणारा आहे. पेपेच्या चुकीमुळे मिळालेली पेनल्टी स्वतः कास्केरोने घेतली, गोलरक्षकाला चकवण्यासाठी चेंडू हलकेच मधोमध उचलला, तो इकेर कासियासने सहज अडवला, आणि अखेरच्या क्षणी गोन्सालो इग्वाइनने गोल करून रेआल माद्रिदला 3-2 असा विजय मिळवून दिला. ज्याच्यावर आघात झाला त्याच्याच वाट्याला अपयशाची नामुष्की आली. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी 1976 मध्ये 'नैतिक दैव' ही संकल्पना मांडली. कर्त्याच्या हाती नसलेल्या योगायोगांमुळे त्याच्या कृत्याची नैतिक किंमत बदललेली दिसते, असा तिचा आशय आहे. कास्केरोचा पाय मोडला असता तर हाच पेपे आज वेगळ्या रीतीने स्मरला गेला असता, यात शंका नाही.

पुढील काळाचा उपयोग त्याचे समर्थक पुरावा म्हणून करतात. रेआल माद्रिदबरोबर तीन वेळा चॅम्पियन्स लीग. 10 जुलै 2016 रोजी पॅरिसजवळच्या सँ-दनी येथे, कर्णधार क्रिस्तियानू रोनाल्दू जखमी होऊन पहिल्या अर्ध्या तासातच बाहेर गेल्यावर, यजमान फ्रान्सला गोल करू न देता जिंकलेला युरो चषकाचा अंतिम सामना आणि त्यात सामनावीराचा मान. 5 जुलै 2024 रोजी हॅम्बुर्गमध्ये फ्रान्सविरुद्धच्याच उपांत्यपूर्व सामन्यात 41 वर्षे 130 दिवसांच्या वयात पूर्ण 120 मिनिटे केलेला बचाव. ही कामगिरी थोर आहे. परंतु ॲरिस्टॉटलने कौशल्य आणि सद्गुण यांत जो भेद केला तो येथे विसरता येत नाही: कौशल्यात जाणूनबुजून चूक करणारा हा नकळत चुकणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ कारागीर असू शकतो, सद्गुणात मात्र जाणूनबुजून चुकणारा अधिक वाईट ठरतो. उत्तम बचाव हा उत्तम शीलाचा पुरावा नव्हे. शिवाय या पंधरा वर्षांत 16 जून 2014 हा दिवसही येतो, जेव्हा विश्वचषकात जर्मनीविरुद्ध जमिनीवर बसलेल्या थॉमस म्युलरला त्याने डोके लावले, लाल कार्ड घेतले, आणि पोर्तुगाल 4-0 असा हरला. सुधारणेची सरळ चढती रेषा त्याच्या चरित्रात सापडत नाही.

मग एक्केचाळिसाव्या वर्षीचा पेपे आणि सव्विसाव्या वर्षीचा पेपे एकच का? 'मिलिंदप्रश्न' या बौद्ध ग्रंथात ग्रीक राजा मिलिंद भिक्षू नागसेनाला असाच प्रश्न विचारतो, आणि नागसेन उत्तर देतो की तो तोच नाही आणि निराळाही नाही. या उत्तराचा सोयीस्कर अर्थ काढता येऊ नये म्हणून तो आंबे चोरणाऱ्याचा दाखला देतो: लावलेला आंबा आणि चोरलेला आंबा एक नव्हेत असे चोराने म्हटले, तरी दुसरा पहिल्याच्याच आधाराने उपजला असल्याने चोर दंडास पात्र राहतो. बदल घडतो, पण ऋण सुटत नाही. किंबहुना पश्चात्तापालाही हेच सातत्य लागते. जो म्हणतो की ते कृत्य आपले नव्हतेच, त्याला पश्चात्ताप करण्याजोगे काही शिल्लकच राहत नाही. म्हणून 2009 मधील माफीला नैतिक मोल आहे, आणि 'तो खरा पेपे नव्हता' हा चाहत्यांचा बचाव, त्यामागे सदिच्छा असली तरी, त्या माफीचे मोल कमी करतो. दहा सामन्यांच्या शिक्षेने नियमाचे देणे फिटले. क्षमा ही वेगळी गोष्ट असून ती देण्याचा अधिकार प्रेक्षकांचा, क्लबाचा किंवा इतिहासकारांचा नाही, तो केवळ कास्केरोचा आहे.