नागाईंचं होमबली

मी देव मानत नाही. तरीही ताकाशी नागाईंचं एक भाषण काही केल्या डोक्यातून जात नाही.

नागाई हे नागासाकीच्या वैद्यकीय महाविद्यालयातले क्ष-किरणतज्ज्ञ. तरुणपणी नास्तिक होते, १९३४ साली बाप्तिस्मा घेऊन कॅथलिक झाले. युद्धात फिल्मचा तुटवडा पडल्यावर क्षयरोग्यांच्या छात्या थेट पडद्यावर तपासत राहिले. जून १९४५मध्ये त्यांना स्वतःलाच ल्युकेमिया निघाला. ९ ऑगस्टला जपानमधल्या कॅथलिकांची जुनी वस्ती असलेल्या उराकामीवर बॉम्ब फुटला. नागाई जखमी अवस्थेत कित्येक दिवस रुग्ण तपासत राहिले. घरी गेले तेव्हा राखेत पत्नीची हाडं आणि तिची जपमाळ सापडली.

त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला, मृतांसाठीच्या प्रार्थनेत ते म्हणाले की उराकामी हे जगाच्या पापांसाठी देवाने निवडलेलं निष्कलंक कोकरू, होमबली होतं. देवाचे आभार माना.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी संतापलो. त्या दिवशीचं मूळ लक्ष्य कोकुरा होतं. ते नीट दिसेना म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. बॉम्ब माणसांनी बनवला, माणसांनी टाकला (वैमानिक स्वीनी स्वतः कॅथलिकच!), आणि युद्ध लांबवणारेही माणसंच. सगळं देवाच्या खात्यात टाकलं, तर जाब कोणाला विचारायचा? जपानमध्येही पुढे हाच आक्षेप घेतला गेला. १९८१मध्ये हिरोशिमात पोप जॉन पॉल दुसरे यांनी तर युद्ध ही माणसाची करणी आहे असं स्वच्छ सांगितलं.

पण नागाईंसमोर बसलेल्या लोकांना शहरातले इतर लोक सांगत होते, की परका धर्म धरलात म्हणून तुम्हाला शिक्षा झाली. किरणोत्सर्गाने शरीराचं काय होतं, हे नागाईंना तिथल्या कोणाहूनही जास्त ठाऊक होतं. त्यावर त्यांनी अहवालही लिहिला. पण लेकरं गमावलेल्या आईला त्या अहवालाचा काय उपयोग? तुमची माणसं पापी नव्हती, एवढं तिला कोणीतरी सांगायला हवं होतं.

वडील गेले ते उपचारांना उशीर झाल्यामुळे, असं माझं मत आहे. आई म्हणाली, ‘त्यांची वेळ भरली होती रे.’ त्या रात्री ती कित्येक दिवसांनी झोपली. रुग्णालयाविरुद्ध लिहिलेली तक्रार मी दिली नाही. ती अजून कपाटात आहे, आणि त्याच रुग्णालयात रोज नवे रुग्ण दाखल होतात.