‘माझे वैयक्तिक मत’ : प्रौढ प्रेक्षक आणि मुलांचा पडदा

चित्रपट किंवा दूरचित्रवाणीवरील एखादी मालिका पाहून झाल्यावर प्रेक्षक जे बोलतो त्याला बहुधा एक शेपूट जोडलेले असते : ‘हे आपले माझे वैयक्तिक मत’. समीक्षेने या शेपटाची फारशी दखल घेतलेली नाही. विनयाचा किंवा सावधगिरीचा उपचार म्हणून ते सोडून दिले जाते. वस्तुतः त्यात एक तात्त्विक दावा दडलेला आहे. जे बोलले गेले त्याची कारणे देण्याचे बंधन बोलणाऱ्यावर नाही आणि ते मान्य करण्याचे बंधन ऐकणाऱ्यावर नाही, असा तो दावा. प्रौढ प्रेक्षक स्वतःसाठी पाहिलेल्या चित्रपटाविषयी बोलत असेल तोवर हा दावा फार तर वादग्रस्त ठरेल. तोच प्रेक्षक मुलांच्या कार्यक्रमांविषयी बोलू लागला की प्रश्न सौंदर्यशास्त्राची कक्षा ओलांडून नीतीच्या कक्षेत शिरतो.

‘सुखद’ आणि ‘सुंदर’ यांत कांटने १७९० मध्ये केलेला भेद परिचित आहे. कॅनरी बेटांचे मद्य मला सुखद वाटते, एवढेच म्हणण्याचा अधिकार पिणाऱ्याला आहे. त्यावर इतरांची संमती तो मागू शकत नाही. ‘हे सुंदर आहे’ असे म्हणणारा मात्र, सिद्ध करता येत नसूनही, सर्वांच्या संमतीची अपेक्षा बाळगतो. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे (१९७४) ही चर्चा मराठीत सविस्तर उपलब्ध झाली आहे आणि तिची पुनरावृत्ती येथे अनावश्यक आहे. कोकणात मद्याऐवजी फणसाचे उदाहरण घ्यावे, इतकेच. एकाला कापा रुचतो, दुसऱ्याला बरका. दोघे एकाच पंगतीला बसतात आणि तात्त्विक पेच निर्माण होत नाही. ‘वैयक्तिक मत’ हे शब्द उच्चारणारा प्रेक्षक आपले विधान या फणसाच्या वर्गात नेऊन बसवतो. ते तेथे बसते काय, हे पाहावयाचे आहे.

यासाठी जयगडातील एक घर कल्पावे. शास्त्री नदी समुद्राला मिळते तेथे, खाडीच्या मुखावर किल्ला, जवळ दीपगृह, खाली धक्का, अशी या गावाची ठेवण. अलीकडच्या काळात वीजप्रकल्प आणि मोठे बंदरही त्याच्या परिसरात आले. घरात आठ वर्षांचे मूल ‘डोरेमॉन’ पाहत बसले आहे, अर्थात हिंदीतून. वडील बाहेरून येतात, दोन मिनिटे उभ्यानेच पाहतात आणि म्हणतात, “काय अर्थ आहे रे यात? बंद कर बघू.” पडदा काळा होतो. संध्याकाळी शेजाऱ्याशी बोलताना हेच वडील म्हणतात, की आजकालची ही कार्टुने अगदीच निर्बुद्ध, अर्थात हे आपले वैयक्तिक मत. दुपारी ज्या मताने दुसऱ्याच्या अनुभवाचा शेवट केला, ते संध्याकाळपर्यंत वैयक्तिक कसे झाले? बरका नावडणारा माणूस पंगतीतल्या शेजाऱ्याच्या पानातला गरा उचलून फेकत नाही. येथे नेमके तेच घडले आहे.

बंदीचे समर्थन करता येणार नाही असे नाही. प्लेटोने ते केले आहे. ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागात लहानपणी सांगितल्या जाणाऱ्या कथांवर देखरेख हवी असे तो म्हणतो, आणि त्याचे कारणही देतो : कथेतला गूढार्थ कोणता आणि वाच्यार्थ कोणता हे त्या वयात कळत नाही, आणि त्या वयात मनावर उमटलेले सहसा पुसत नाही. हे कारण अमान्य करता येईल, पण ते कारण आहे. त्याच्याशी वाद घालता येतो. जयगडच्या कल्पित गृहस्थाने अधिकार प्लेटोचा घेतला आहे आणि उत्तरदायित्व मात्र फणस खाणाऱ्याचे. या विसंगतीतला आक्षेपार्ह भाग बंदी नाही. बंदीमागची कारणे तपासण्याचा मार्गच बंद व्हावा, हा आहे.

ती कारणे तपासली तर काय आढळते? संध्याकाळच्या त्याच संभाषणात पुढचे वाक्य बहुधा असे येते, की आमच्या वेळचा मोगली कसा होता! १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागणारे ‘जंगल बुक’ ज्या पिढीने पाहिले तिला ते आपल्या मातीतले वाटते. प्रत्यक्षात ती मालिका जपानमध्ये १९८९ साली तयार झाली होती. मूळ कथा मुंबईत जन्मलेल्या एका इंग्रज लेखकाच्या. आणि मराठी घरांनी ती ऐकली हिंदीतून. ‘डोरेमॉन’वर परकेपणाचा जो आक्षेप घेतला जातो तो मोगलीला शब्दशः लागू पडतो. तरीही मोगली आपला आणि डोरेमॉन परका, कारण मोगलीबरोबर रविवारची सकाळ, शेजारच्या घरातला एकुलता एक संच आणि स्वतःचे आठवे वर्ष येते. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीची जी सात विघ्ने सांगितली त्यांत ‘निजसुखादिविवशीभाव’ हे एक आहे. आपल्याच सुखदुःखात गुंतलेला प्रेक्षक समोरच्या कलाकृतीपर्यंत पोहोचतच नाही. स्मरणरंजन हे या विघ्नाचे आजचे सर्वांत प्रतिष्ठित रूप म्हणावे लागेल. ते विघ्न असूनही निकष म्हणून वावरते.

(हिंदीबद्दलच्या तक्रारीत तथ्य आहे, पण तिचे उत्तर रिमोटवर नाही. मुलांसाठी मराठीतून शैक्षणिक कार्यक्रम तयार करणारी पुण्याची ‘बालचित्रवाणी’ १९८४ मध्ये सुरू झाली आणि २०१७ मध्ये बंद करण्यात आली. ज्या समाजात या विषयावर घरोघरी मते आहेत तेथे हे झाले.)

प्रौढ प्रेक्षक विघ्नग्रस्त असेल, तर मूल सहृदय आहे काय? अभिनवगुप्ताच्या व्याख्येप्रमाणे सहृदय तो, ज्याच्या मनाचा आरसा काव्याच्या सततच्या परिशीलनाने निर्मळ झाला आहे. मुलापाशी हे परिशीलन नाही. पण ज्या धुळीसाठी ते हवे ती धूळही त्याच्या आरशावर अजून बसलेली नसते. त्याची अडचण दुसरीकडे आहे. जे दाखवले जाते ते शक्यच वाटत नाही म्हणून प्रतीती अडते, हे अभिनवगुप्ताचे पहिले विघ्न. मुलाला सारेच शक्य वाटते. १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘शक्तिमान’च्या वेळी, अनुकरणातून मुलांनी स्वतःला इजा करून घेतल्याच्या बातम्या आल्या. त्यांतल्या किती खऱ्या यावर वाद झाला, पण नायकाला स्वतः पडद्यावर येऊन मुलांना समजवावे लागले, हे खरे. प्लेटोची शंका निराधार नव्हती, असेच यावरून कोणी म्हणेल.

परंतु रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुलाला पडद्याआधी शिमग्यात भेटणारा एक भयंकर आहे. नमन-खेळ्यांबरोबर दारात येणारा संकासूर काळ्या वेषात असतो. डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरू. तो पोरांच्या अंगावर धावतो आणि पोरे किंकाळ्या फोडत घरात पळतात. थोड्या वेळाने तीच पोरे दाराआडून डोकावतात, त्याला चिडवतात आणि पुन्हा पळतात. त्या वेषाखाली वाडीतलाच कोणी आहे हे थोरल्या मुलांना ठाऊक असते, धाकट्यांना अर्धवट ठाऊक असते, आणि ठाऊक असूनही भीती उरते. काल्पनिकाचे भान म्हणतात ते हेच. ते मुलाला परिशीलनाने येते, फक्त हे परिशीलन ग्रंथाचे नसून अंगणातले असते. संकासूर मुलांना योग्य की अयोग्य असा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण मूल त्याला एकटे भेटत नाही. आजीचा पदर हाताशी असतो, आणि आजी हसत असते. शक्तिमान ज्या मुलाला भेटला ते पुष्कळदा एकटे होते. तेव्हा ‘हा कार्यक्रम वाईट’ या विधानाचा विषय केवळ कार्यक्रम नसतो. तो कोणाच्या शेजारी बसून पाहिला गेला हेही त्या विधानात यावे लागते. उभ्याने दोन मिनिटे पाहणारा बाप ज्या परिस्थितीवर निर्णय देतो तिचा एक घटक तो स्वतः आहे.

मुलांच्या बाजूने निर्णय कोण देतो याचे दोन नमुने याच जिल्ह्याशी निगडित आहेत. साने गुरुजींचे पालगड दापोली तालुक्यातले. त्यांच्या पुस्तकावरून आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये काढलेल्या ‘श्यामची आई’ला पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. तो प्रौढांचा निर्णय होता, आणि पुढे मराठी मुलांच्या कित्येक पिढ्यांना हा चित्रपट संस्कार म्हणून दाखवला गेला. त्यातल्या आईचे आणि वनमालाबाईंच्या भूमिकेचे मोठेपण निर्विवाद आहे. तरी पोहायला न जाणाऱ्या श्यामला आई फोकाने बडवते त्या प्रसंगी प्रौढ प्रेक्षक आईच्या मनातले दुःख पाहतो. मूल कदाचित लपलेल्या श्यामबरोबर माळ्यावर असते. सुवर्णपदक देताना त्या माळ्यावर कोणी गेले नव्हते.

दुसरा नमुना खाडीपलीकडचा. जयगडच्या धक्क्यावरून फेरीबोटीने तवसाळला उतरले की गुहागर तालुका लागतो, आणि अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’चे चित्रण गुहागरचे. वडील गेलेला अकरा वर्षांचा चिन्मय, बदली होऊन कोकणात आलेली त्याची आई, आणि पावसात किल्ल्यावर त्याला एकटा टाकून निघून जाणारे मित्र. २०१४ च्या बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला स्फटिक अस्वल दिले ते मुलांच्याच परीक्षक मंडळाने. ‘किल्ला’तली आई काही शिकवत नाही; तीही त्या गावात परकी आहे, कार्यालयात अडकलेली आहे. संस्काराच्या मापाने चित्रपटात काहीच घडत नाही. ज्यांना कोकण ठाऊक असण्याचे कारण नव्हते अशा मुलांनी तो निवडला. यावरून मुलांचा निर्णय अधिक शुद्ध असतो असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. त्यांच्यापुढे कोणते चित्रपट ठेवायचे हे प्रौढांनीच ठरवले होते, आणि प्रौढांनीही ‘किल्ला’ला राष्ट्रीय पुरस्कार दिलाच. एवढे मात्र दिसते, की मुलांना कारणे विचारली तर ती निर्णय देऊ शकतात, आणि तो निर्णय फणसाच्या वर्गातला नसतो.

जयगडच्या गृहस्थाने एखाद्या रविवारी ‘डोरेमॉन’ बंद करून मुलाला ‘किल्ला’ दाखवला असे समजावे. चांगला चित्रपट म्हणून, आणि या खेपेस शेजारी बसून. मूल अर्ध्यावर कंटाळते, उठून जाते, परत येते. शेवटी ते विचारते, “बाबा, ते त्याला सोडून का गेले?” वडील सांगतात, की पाऊस होता, घाबरले असतील. मूल म्हणते, “नोबिताला सोडून डोरेमॉन कधी जात नाही.” ज्या मालिकेत काही अर्थ नाही असे दुपारी ठरले होते तिच्या बाजूने आता एक कारण पुढे आले आहे, आणि ते मैत्रीविषयीचे, म्हणजे ‘किल्ला’च्या गाभ्याचेच आहे. ‘हे माझे वैयक्तिक मत’ हे वाक्य येथे वडिलांना उपयोगी पडण्यासारखे नाही. त्यांना एक तर सोबत न सोडणाऱ्या मित्राची कल्पना खोटी का आहे हे मुलाला सांगावे लागेल, किंवा ‘डोरेमॉन’चा एखादा भाग पूर्ण पाहावा लागेल.