सही

आपल्याच माणसानं पैसे खाल्ले तर त्याला हाकलायचं की धरून ठेवायचं? हा सवाल मी पुस्तकातनं उचललेला नाही. मिरजेतल्या एका कारखान्यात मी फिटर आहे. शेजारच्या मशीनवरचा गडी, आपल्यातलाच, मोबाईलवर पैशाची रमी खेळायचा. पगार तीन दिवसांत खलास. मग पतपेढीचं कर्ज, उचल, बायकोच्या कानातलं. शेवटी भीमजयंतीच्या वर्गणीला हात घातला. मालकानं चौकशी न करता काढून टाकला. वस्तीत आम्ही ठराव केला, ह्याच्याशी कुणी बोलायचं नाही. त्यावर माझीही सही आहे.

मित्रांनो, ह्याला बहिष्कार म्हणतात. तो आपल्या बापजाद्यांनी भोगला.

कुणी म्हणतं, २२ प्रतिज्ञांत दारू आहे, जुगार कुठाय? पण तथागतांनी सिगाल नावाच्या गृहस्थाच्या पोराला संपत्ती बुडवणाऱ्या सहा वाटा सांगितल्या, त्यात जुगार आहे. जुगाऱ्याच्या शब्दाला सभेत किंमत राहत नाही, हेही सांगितलंय. चळवळीचं नुकसान इथंच होतं. कर्जात बुडालेला कामगार मालकापुढं तोंड उघडत न्हाई.

पण दोष एकट्याचा? १९६२ साली कल्याणजी भगतनं वरळीत मटका काढला. आकडा लावायला गिरणी कामगार होता, म्हणून आकडे घेणारे गिरण्यांभोवती बसले. आता अड्डा खिशात आलाय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चांगलं झालं. पण जुगारबंदीचा कायदा १८८७ पासून आहे, तरी मटका चाललाच. जागतिक आरोग्य संघटना ह्या लतीला आजार मानते. मिरज दवाखान्यांचं गाव. टीबी झालेल्या गड्यासाठी आपण रजा मागतो, मग ह्याच्यासाठी का नको?

म्हणून युनियननं मालकाकडं मागावं : उपचाराला रजा द्या. रोकडीचं काम काढून घ्या, नोकरी काढू नका. चौकशी करा, पण नाव फळ्यावर लावू नका. त्याची संमती असेल तर पगार बायकोच्या खात्यात भरा. पतपेढीनंही कर्जावर कर्ज देऊ नये.

ही माफी न्हवं. वर्गणी गोरगरिबांची होती, पै न् पै फेडलीच पाहिजे. पण कामावर असला तरच फेडील ना?

परवा तो स्टेशनबाहेर दिसला. मला बघून मान खाली घालून गेला. मीही हाक मारली नाही.

पुढच्या बैठकीत मी ती सही मागं घेणार आहे. तुम्ही काय करणार, बोला.

जय भीम.